रडल्यासारखे डोळे

सासूबाई गेल्या होत्या; त्यांचं बेसणं, म्हणजे सांत्वनाला येणाऱ्यांची बैठक, रावपुऱ्यातल्या हॉलमध्ये चार वाजता होतं. फोटोपुढे पांढऱ्या साडीत बसून येणाऱ्यांना हात जोडायचे, एवढंच काम. पण संयोगिता जेवण उरकल्यापासून आरशासमोरून हलली नव्हती. यंदा काळंभोर काजळ फॅशनमधून बाद झालं होतं. यंदा डोळे कसे, नुकतेच रडून उठल्यासारखे दिसायला हवेत! तिने पापण्यांच्या कडांना गुलाबी रंग लावला, खाली लालसर छटा दिली आणि वर ओलसर चमक फिरवली.

मेहनत फुकट गेली नाही. "बिचारी वहू! केटलुं रडी छे!" म्हणत शेजारच्या हंसाबेननी तर तिला पोटाशीच धरलं. रंग पुसू नये म्हणून संयोगिताने तोंड जरा लांब ठेवलं.

पलीकडे नणंद मोहना बसली होती, मोठा काळा गॉगल लावून. बायका नाकं मुरडत होत्या. सख्खी लेक, आणि आईच्या फोटोपुढे हा नखरा! संयोगिताला मात्र लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. गॉगलची ती चौकोनी फ्रेम गेल्या उन्हाळ्यातच जुनी झाली होती.

"वन्सं, काढा तो. लोक बघताहेत."

मोहनाने निमूटपणे गॉगल काढला. पापण्या सुजून टम्म झालेल्या, कडा लालभडक, गालांपर्यंत ओल उतरलेली.

संयोगिता बघतच राहिली. मग न राहवून नणंदेच्या कानाशी लागली.

"अय्या, तुमची ही शेड कुठल्या कंपनीची? माझ्यापेक्षा कितीतरी खरी वाटते!"