तळ्यावरचा लेख

चिखलातून दगड वर आला तेव्हा भिवाच्या खांद्याची सालटी निघाली होती, तरी गडी हसत होता. तीन महिने महारवाड्यातली चाळीस माणसं ते बुजलेलं तळं फुकट उपसत होती. त्यांच्या विहिरीला खाडीचं पाणी लागलेलं. भिवाची धाकटी मालू त्या पाण्यानंच गेली.

हे काम काढणाऱ्या मंडळाचे चिटणीस म्हणजे बाळासाहेब. जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळाची ठाण्यात शाखा काढून त्यांना वर्षही झालं नव्हतं, आणि हे तळं म्हणजे शाखेची पहिली लोकसेवा. पण पाणी कुणी भरायचं यावरून नौपाड्यातल्या बैठकीत दोनदा रण माजलं. महारांचे हात खणायला चालत होते, भरायला नाही. वा रे लोकसेवा! त्यांनी घागर बुडवली तर आम्ही सगळे राजीनामे देऊ, शाखा गुंडाळा, असं अध्यक्ष अप्पासाहेबांनी बजावलं. शेवटी बाळासाहेबांनीच तोड काढली. तळ्यात जुना लेख सापडला तर त्यात असेल तसं करायचं. जुनं जपायला निघालेल्या मंडळात याला नाही कोण म्हणणार?

आता लेख समोर होता. ती जुनी अक्षरं त्यांच्याखेरीज तिथं कुणालाच लागत नव्हती. भिवानं दगड धुतला आणि लांब जाऊन उभा राहिला.

बाळासाहेबांनी ओळींवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग चष्मा पुसत बसले. अप्पासाहेब काठी टेकून त्यांच्याकडेच बघत होते.

"सायेब, आमचं काय लिवलंय त्यात?" भिवानं विचारलं.

बाळासाहेबांनी घसा खाकरला. कुण्या राजाच्या प्रधानानं हे तळं ब्राह्मणांना दान दिलंय, म्हणाले, आणि अंत्यजांनी पाण्याला शिवू नये असं स्वच्छ कोरलंय. फार वाईट वाटतं, असंही म्हणाले.

"तुमी तरी काय करनार सायेब, दगडावरचं हाय," भिवा म्हणाला.

माणसांनी फावडी उचलली आणि वाड्याची वाट धरली. अप्पासाहेबांनी पेढे वाटले. शाखा वाचली.

संध्याकाळी बाळासाहेब पुण्याच्या मुख्य मंडळाला अहवाल लिहायला बसले. विद्वानांपुढे खोटं लिहिणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. लेखातलं एकेक अक्षर पडताळून त्यांनी सुवाच्य हातानं उतरवलं, 'हे तळे धरमनाक महाराने स्वकष्टाने खणून सर्व जातींस पाण्यासाठी मोकळे केले.'