चावऱ्यावर उपाय

पक्ष्यांच्या डॉक्टरांना चावऱ्या पोपटांपेक्षा त्यांना डोक्यावर चढवणाऱ्या माणसांचाच संताप जास्त यायचा. आज आलेल्या बाई तर रिकाम्या हातानंच आल्या होत्या.

"तो यायलाच तयार नाही," बाई म्हणाल्या. "खाणं आवडलं नाही की वाटी भिरकावतो. खुर्चीजवळ कोणी गेलं की अंगावर येतो. सासूबाईंनी हातानं भरवून लाडावून ठेवलाय."

"मग चावणारच!" डॉक्टर खेकसले. "किंचाळला तर मनधरणी करायची नाही, उलट ओरडायचंही नाही. सरळ पाठ फिरवायची. शांत बसला तरच खाऊ."

बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं.

"पिंजरा केवढा आहे?"

 

"दोन बेडरूम, हॉल, किचन. दारावर पाटीसुद्धा त्याच्याच नावाची."