दुरुस्ती नको

“काका, पंपाचं सील सुकलंय,” भांडी धुण्याच्या मशीनमागून डोकं वर काढत मेकॅनिक म्हणाला. “रोज लावत नाही वाटतं?”

“एकट्याचं ताट नि वाटी. मशीन भरणार तरी कधी?” त्र्यंबकराव पुटपुटले.

दुरुस्तीला सात हजार लागणार होते. आकडा ऐकून त्यांना उलट बरंच वाटलं. नकाराला निमित्त मिळालं. चिन्मयने मोठ्या हौसेने हे मशीन घेऊन दिलं आणि रंजनाताईंचं भांड्यांचं काम सुटलं. ताटातलं खरकटं पाहून त्या दरडावायच्या, “आजोबा, भात तसाच? आणि लोणचं बरं चाटूनपुसून!” मग भांडी घासता घासता गावभरच्या गप्पा. त्यांचं येणं थांबल्यापासून या घरात कुणी कुणाला रागावलं नव्हतं. पण लेकाच्या मायेला नावं कशी ठेवायची?

आज त्यांनी मनाचा हिय्या करून बंगळुरूला चिन्मयला फोन लावला, स्पीकरवर.

“दुरुस्ती नको रे. त्यापेक्षा रंजनाताईंना...”

“अगदी बरोबर, बाबा! जुन्यावर खर्च कशाला? आणि या वयात बाईच्या खाड्यांचा ताप तर नकोच. नवीन पाठवतो. लहान घेऊ, म्हणजे रोज भरेल.”

“बरं,” ते म्हणाले.

“नशीब काढलंत काका,” हत्यारं आवरत मेकॅनिक म्हणाला.

त्र्यंबकरावांनी मान डोलावली. “चहा टाकतो. बसता थोडा वेळ?”

“नको काका. मशीन बंद, मग कप कोण विसळणार?” असं म्हणून हसत त्याने बाहेरून दार ओढून घेतलं.