उमा काय म्हणाली

उमा गेल्याचं तिच्या मुलीला दहाव्याच्या दिवशी कळलं, तेही आतेभाऊ हितेशच्या चुकीने.

कार्यासाठी नातेवाइकांचा वेगळा ग्रुप केला होता. त्यात सगळे होते, फक्त ही मुलगी, ऋतिका, नव्हती. ती न्यूझीलंडला नर्स. तिथे कायम राहायचा कागद होईपर्यंत देश सोडू नकोस, असं एजंटाने तिला बजावलं होतं, आणि कागद आता महिन्यावर आला होता. म्हणून तिच्या बापाने, धर्मराजने, सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं, की पोरीला कोणी कळवायचं नाही. आई माहेरी गेलीय, तिथे रेंज नाही, असं तो स्वतः रोज सांगत होता. सकाळी बदलापूरला नदीवर उमाचं पिंडदान झालं. हितेशने त्याचा फोटो चुकून घरच्या जुन्या ग्रुपवर टाकला, त्यात ऋतिका होती. दोन मिनिटांत पुसला, पण तोवर व्हायचं ते झालं.

बुवापाड्याला घरी येऊन सगळे पाय धूत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"मामा, रितूचा आहे," नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत हितेश म्हणाला.

"केस आज गेले मेल्याचे, अक्कल आधीच गेली होती," त्याची आई दारातूनच बोलली. ही जनीअक्का, धर्मराजची थोरली बहीण.

धर्मराज फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. व्हिडिओ कॉलवर ऋतिका रडत नव्हती. अंगावर ड्यूटीचेच कपडे होते. मागे गाड्या लावलेल्या दिसत होत्या.

"कधी?"

"चार तारखेला. सकाळी नऊला."

"काय झालं होतं?"

"न्यूमोनिया म्हणाले. दवाखान्यात तीन दिवस होती."

"ऑक्सिजन किती होता?"

"शेवटी शेवटी सत्तर, बाहत्तर."

"व्हेंटिलेटर लावला?"

"लावला."

"लावायच्या आधी शुद्धीवर होती?"

"होती."

ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला विचारते तसं ती विचारत होती. धर्मराजला ते बरं पडत होतं. आकडे सांगायला काही लागत नाही.

"माझं काही म्हणाली?"

उमा तोंडावरचा मास्क बाजूला करून दोनदा म्हणाली होती, "रितूला बोलवा." पहिल्यांदा धर्मराज म्हणाला, कागद होऊ दे. दुसऱ्यांदा त्याने नुसता मास्क नीट बसवला.

"बाबा, मी तिकीट बघून ठेवलंय. कागद गेला खड्ड्यात, रात्रीच्या विमानाने निघते. फक्त सांगा, ती काय म्हणाली?"

"रितूला कळवू नका म्हणाली. कागद हातात आल्यावर सांगा."

"आई असं म्हणाली?"

"हो."

"तीच म्हणाली? तुम्ही नाही ना?"

"तीच."

ऋतिकाने तोंड फिरवलं. थोडा वेळ फोनवर नुसत्या गाड्याच दिसत होत्या.

"मग तिचा शब्द मोडून कशी येऊ?" ती म्हणाली. "कागद झाल्यावरच येते. तुम्ही जेवलात का?"

"बसतोय आता."

तो बाहेर आला. जनीअक्का पदराला हात पुसत उभी होती.

"काय रे धर्मा, येते का पोरगी?"

"नाही. उमानंच नको सांगितलेलं."

जनीअक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिन्ही दिवस दवाखान्यात उमाच्या पायाशी तीच बसून होती. हितेश एकदा आईकडे, एकदा मामाकडे बघू लागला.

"चल," ती शेवटी म्हणाली. "माणसं खोळंबलीत. दोन घास खाऊन घे."

धर्मराज जेवला. भात परत मागून घेतला.

पुढच्या महिन्यात ऋतिकाचा कागद आला. ती आली, पंधरा दिवस राहिली, आईच्या साड्या वाटल्या आणि परत गेली. विमानतळावर धर्मराज तिला सोडायला गेला होता.

तिला खरं सांगायचं अजून राहिलंय.