बियाण्याचा डोह

“मावशी, इथं मासे कुठं मिळतील?” जीपमधून उतरलेल्या साहेबानं विचारलं. हातातल्या महागड्या काठीच्या दोरीला पिसांची खोटी माशी बांधलेली. तालुक्याला प्यायला टँकर येतो, आणि हा खेळायला पाणी शोधत हिंडतोय!

नदीत एकच डोह उरलाय. आम्ही भोई उन्हाळ्यात त्यात जाळं टाकत नाही. पुढच्या वर्षाच्या माशांचं बियाणं तिथंच जगतं.

“खायला हवेत?” मी विचारलं.

“मी खात नाही हो. पकडतो, फोटो काढतो, सोडतो.”

“म्हंजी भूक नसताना त्याच्या तोंडात गळ खुपसता?”

“छंद आहे,” तो हसला.

भुकेला असता तर मीच दोन मासे काढून दिले असते. याला धरणाचा रस्ता दाखवला. चाळीस किलोमीटर.

जीप धुरळा उडवत गेली. धरण होळीलाच कोरडं पडलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्यानं विचारलं मला.