पुलाचा रंग

फोन आला तेव्हा मास्तर कपाटाचं एक दार बिजागरीतून सोडवत होते. दार चादरीत गुंडाळून दवाखान्यात न्यायचं होतं. बायकोनंच मागितलं होतं. "अहो, नुसती पडून राहिले तर वेड लागेल मला. एक दार आणा, आणि पॉलिश पेपर आणा."

फोनवर मुलगी होती. "बाबा, या. घाई करू नका."

मास्तरांचा जन्म कपडे शिवण्यात गेला होता. माप देताना कोण श्वास धरून उभं आहे, हे त्यांना टेप लावताच कळायचं. आताही कळलं. त्यांनी दार भिंतीला टेकवलं, स्क्रू वाटीत ठेवले आणि मग चपला घातल्या.

महिन्याभरानं मुलगी म्हणाली, "आता आमच्याकडेच या बाबा. सामान थोडं आणा."

"कपाट येईल."

"मावशी म्हणते, पणजोबांचं खरं कपाट केव्हाच विकलं गेलं. हे कुठलं तरी भलतंच आहे."

"तुझी मावशी डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधते."

"तरी एकदा जाणकाराला दाखवू. खरं निघालं तर पलंग काढून जागा करीन. नाहीतर एवढं धूड कशाला न्यायचं?"

कपाट लेकीकडे जाईल, असा शब्द मास्तरांनी बायकोला दिला होता. तिच्यासाठी करण्यासारखं एवढं एकच उरलं होतं.

ते बायकोच्या आजीच्या स्वयंपाकघरातलं होतं. खाली पिठाचा मोठा खण, वर काचेची दारं, मधे पुढे ओढायची फळी. आजीआजोबांनंतर ते मामाच्या गोदामात पडून होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या वाट्याला आलं. अंगावर रंगाची इतकी पुटं, की कोपरे गोल झाले होते. "सगळा रंग काढते, मूळचं लाकूड वर आणते, मग पोरीला देते," ती म्हणाली आणि रोज दुपारी घासायला बसू लागली. वाऱ्यानं धूळ भांड्यांवर जाते म्हणून खिडकी बंद. नक्षीत अडकलेली भुकटी ती तोंडानं फुंकून काढायची. मास्तर दुकानातून पुसायला चिंध्या आणायचे.

मग दुखणं लागलं. पोटात कळा यायच्या, हातातून सुई गळायची, तोंड मेणासारखं दिसायचं. दवाखान्यात पंधरा दिवस ठेवलं की सुधारायची. घरी आली की पुन्हा तेच.

"तुला माझा स्वयंपाक बाधतो बहुतेक," मास्तर म्हणायचे.

"बाधायला त्यात काही असायला हवं ना. मीठसुद्धा नसतं."

तरी त्यांनी बाहेरून डबा लावला. फरक पडला नाही.

डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं होतं. काय खातात, कुठे जातात, काम काय करतात, कारखान्यात वगैरे?

"नाही हो," मास्तर म्हणाले होते. "काही करत नाही. घरीच असते."

पुढे तिचे पाय लटपटू लागले. तेव्हा मास्तरांनी शेजाऱ्याला हाताशी घेऊन कपाट ढकलत ढकलत तिच्या पलंगाशी आणलं. त्या दिवशी ती फार खूश होती.

जाणकार म्हणून आला तो जुनी लाकडी कामं दुरुस्त करणारा कारागीर. कायम डोळ्याला भिंग लावलेलं, म्हणून लोक त्याला भिंगवालाच म्हणत. त्यानं खण उलटा केला, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "सांध्याचे दात कमीजास्त आहेत. हातानं कापलेत. साठ-सत्तर वर्षं सहज झाली असतील."

"तशी कपाटं जुन्या बाजारात ढिगानं असतील," मुलगी म्हणाली.

"असतात. थांबा."

मागच्या बाजूला हात न लागलेला एक कोपरा होता. तिथे त्यानं पातळ पात्यानं नखाएवढी जागा खरवडली. पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा, आणि अगदी तळाला शेंदरी. शेंदरी थर त्यानं भिंगातून पुन्हा पाहिला.

"ज्यांचं होतं ते काय करायचे?"

"पुलांना रंग द्यायचे," मास्तर म्हणाले. "सगळा जन्म शिडीवर गेला."

"मग हे त्यांचंच. हा पुलाचा रंग आहे. लोखंडाला गंज धरू नये म्हणून लावायचे. स्वयंपाकघरातल्या कपाटाला दुसरं कोण कशाला लावेल? कामावर उरलेला डबा घरी आणला असणार."

मुलीनं मास्तरांचा दंड धरला. महिन्याभरात ती पहिल्यांदाच हसली. "पलंग काढते बाबा. आधी मावशीला फोन करते." ती फोन घेऊन बाहेर गेली.

मास्तरांनी कपाटावर हात ठेवला. बायको असती तर बहिणीला वर्षभर ऐकवलं असतं.

भिंगवाल्यानं मात्र पिशवीतून मास्क काढून तोंडाला बांधला. उठून खिडकी उघडली. "मास्तर, हात काढा तिथून. हे घासलं कुणी? कोरडंच?"

"घरातच घासलं. कोरडंच."

"या खोलीत? किती दिवस?"

"आधी स्वयंपाकघरात, मग इथे. तीन वर्षं."

तो खाली बसला. "या रंगात शिसं असतं. भुकटी पोटात जाते, छातीत जाते. कळा येतात, हातातली ताकद जाते. ज्यांनी घासलं त्यांना आजच दवाखान्यात न्या. घाबरू नका, रक्त तपासलं की कळतं, आणि यावर औषध आहे. डॉक्टरांना फक्त सांगायचं, जुना रंग घासत होते म्हणून. सांगितल्याशिवाय त्यांच्या तरी कसं लक्षात येणार?"

बाहेर मुलगी मावशीला फोनवर मोठ्यानं सांगत होती, की खरं निघालं, पणजोबांचंच निघालं.

टेबलावर दवाखान्याची जाड फाईल होती. पोटाच्या, छातीच्या, मणक्याच्या, मेंदूच्या, सगळ्या तपासण्यांचे कागद तारखेनुसार लावलेले होते. शिशाची तपासणी तेवढी राहिली होती.