अंजूच्या आधी

“ताट असू दे, कापड असू दे, पहिलं माझ्या अंजूला. मग तुझ्या मंजूला. इष्टलिंगावर हात ठेव, जगे.”

उज्वला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी थोरल्या बहिणीचा हा आवाज जगदेवीला रोज सकाळी ऐकू यायचा. विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन ती डोळे मिटायची तेव्हा. दवाखान्याच्या खाटेवरून उज्वला बोलली होती आणि जगदेवीनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला होता.

तेव्हापासून लातूरच्या या घरात पहिली भाकरी अंजूच्या ताटात पडायची. एकदा घाईत पोटच्या मंजुश्रीला आधी वाढलं गेलं, तर जगदेवी दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिली. नवरा, सोमेश, हसला होता.

“अगं, देव काय पंगतीत बसलाय का मोजायला?”

“देव न्हाई. मी हाय की,” ती म्हणाली.

दोघी पोरी आता चौदाच्या. दोघी फुटबॉलच्या गोलकीपर. दर रविवारी पहिल्या एस.टी.नं जगदेवी त्यांना नांदेडला व्यंकट सरांकडं घेऊन जायची. सर फक्त गोलकीपर घडवायचे. पास देणं, गोल मारणं बाहेर शिका म्हणायचे, इथं अडवायचं तेवढं शिकवतो.

ते भिंतीवर बॉल हाणायचे आणि उसळून आलेला बॉल पोरींनी झेलायचा. निसटला की ओरडायचे, “हात हायेत का चाळणी? अंगठे जवळ! खिडकी उघडी ठेवली का चोर येतोच!”

जगदेवी गोलच्या मागं उभी राहून बॉल गोळा करायची आणि प्रत्येक वेळी अंजूकडं टाकायची.

“ताई,” सर एकदा वैतागले, “तुमचा नेमधर्म घरी. इथं ज्याची पाळी त्याला बॉल.”

दिवाळीनंतर राज्याच्या शिबिराचं पत्र आलं. विभागातून एकच गोलकीपर जाणार होती. तिथं निवड झाली की पुढचं शिक्षण, राहणं, खाणं, सगळं तिकडंच. सरांनी महिनाभर दोघींना घासलं आणि शेवटच्या रविवारी जगदेवीला बाजूला बोलावलं.

“मंजुश्रीचं नाव धाडून राहिलो. अंजूचे हात चांगले हायेत, पण ती गोलची लाईन सोडत न्हाई. मंजू बेधडक समोरच्याच्या पायात शिरते. हे शिकवून येत न्हाई, ताई.”

जगदेवी पदराचं टोक चाळवत राहिली. “दोघी न्हाई का जायच्या?”

“जागा एकच. मंजूला काही दुखलं-खुपलं तरच अंजू. तवा बुधवारी निघेपर्यंत बोटं जपा पोरीची.”

“जपते,” ती म्हणाली.

परतीच्या एस.टी.त मंजू खिडकीकडं तोंड करून बसली होती. अंजूनंच तिला कोपरानं ढोसलं. “तोंड का पाडलंस गं? मी मेले का?” मग मागं वळून हळूच म्हणाली, “मावशी, खरं सांगू? मला हायसं वाटलं. मोठ्या पोरी अंगावर धावून आल्या की माझे डोळेच मिटतात. मला न्हाई जायचं कुठं. मी तुझ्याजवळच बरी हाय.”

जगदेवीनं पेरू फोडला. पहिली फोड अंजूच्या हातावर ठेवली.

सोमवारी शेजारची शिल्पा साखर मागायला आली. “ऐकलं बाई! शेवटी पोटचं ते पोटचंच. गल्लीत लोकं म्हणून राहिलेत, जगदेवीनं सरांच्या कानात काहीतरी फुंकलं.”

“साखर पुरंल का एवढी?” जगदेवीनं विचारलं.

त्या दिवशी तिनं मंजूला चुलीजवळ येऊ दिलं नाही. बादली उचलू दिली नाही. संध्याकाळी कोमट तेलाची वाटी घेऊन बसली आणि मंजूचं एकेक बोट वेगळं चोळलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, मग उलटं.

“आई, लई लाड करून राहिलीस,” मंजू हसली. “आजपर्यंत सगळं अंजीला आधी. आज पहिल्यांदा मला आधी काही मिळालं बघ.”

जगदेवीचं बोट क्षणभर थांबलं. मग पुन्हा चोळू लागलं.

तिनं उपास धरला. सकाळची पूजा लांबली. मंगळवारी तर सोमेशचा चहा निवून गेला तरी तिनं डोळे उघडले नाहीत. “लेकीसाठी एवढं साकडं?” तो म्हणाला. “जाऊन येईल गं ती.”

मंगळवार सरला. मंजूला साधी शिंकसुद्धा आली नाही.

बुधवारी सकाळी सोमेश ऑटो आणायला गेला. अंजू आतल्या खोलीत मंजूच्या बॅगेची चेन ओढत होती आणि चेन लागत नाही म्हणून बॅगेलाच शिव्या घालत होती. मंजू उंबऱ्यावर एका पायावर उभी राहून एका हातानं बूट चढवत होती. तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं तिनं बिजागरीच्या बाजूची चौकट धरली होती. चारही बोटं फटीत. लोखंडी दार वाऱ्यानं हलत होतं.

“आई, जरा दार धर गं,” ती पाठमोरीच म्हणाली. “सारखं लोटून राहिलंय. बोटं जातील माझी.”

“हाव. आले.”

जगदेवीनं हात पुसले. मनातल्या मनात उज्वलाचं नाव घेतलं, गळ्यातल्या लिंगाला हात लावला, आणि दार लावायला उठली.